हिरा, तुझ्या सरड्याला पिसं होती

हिरा, आधी कबुली देते. तुझ्या सरड्याची पिसं मी उपटली. एकेक करून, दोन बोटांच्या चिमटीत धरून, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, सात-आठ शाळांच्या मास्तर-मास्तरणींसमोर, आपल्या वर्गातल्या मुलांसमोर आणि तुझ्या नलूसमोर. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते, बी.एस्सी. बी.एड. होते, बदलापूरच्या आपल्या शाळेत नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवत होते, आणि जन्मात एकदाही कोंबडीला हात लावलेला नव्हता. पक्षी या विषयावर मात्र दोन तास न थांबता बोलू शकायचे. त्या बाईचं, म्हणजे माझं, तेव्हाचं रूप आठवलं की तिला धरून बाकावर उभं करावंसं वाटतं. कडक इस्त्रीची साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि चेहऱ्यावर असा भाव की सृष्टी निर्माण झाली ती हिलाच विचारून.

तू जाऊन सोळा दिवस झाले. लोक म्हणतात, लिहून काढा बाई, मन शांत होईल. मला मन शांत करायचं नाहीये. मला तुझ्याशी भांडायचंय. भांडायला कारणही आहे, आणि ते मला परवाच कळलं. तू उठून गेलीस म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर इतकी वर्षं तू मला अंडी देत होतीस पण ओळखत नव्हतीस.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. "आपल्याला सोडून गेलेल्या कोणावरही लिहा, बाई." मी तुझं नाव सांगितलं. अंकाचं काम बघणारे सर म्हणाले, "म्हणजे... त्या अंडीवाल्या?"

"हो, त्याच अंडीवाल्या," मी म्हटलं. "या शाळेच्या दारातून विज्ञानाचा एखादा नवा विचार आत आला असेल, तर तो त्यांच्या टोपलीतून आला. छापायचं तर छापा. नाहीतर झेरॉक्स काढून बदलापूर गावातल्या प्रत्येक ओट्यावर ठेवून येईन."

सर हसले. त्यांना वाटलं बाईंची गंमत चाललीय. मी दहावीला त्यांना शिकवलंय. गंमत कुठे संपते ते एव्हाना त्यांना कळायला हवं.

तुला तू माहीत आहेस, पण वाचणाऱ्यांना माहीत नाहीस, म्हणून थोडं सांगते. मध्ये बोलू नकोस. तुझं घर बदलापूर गावात, मागे कुडाचं खुराडं, त्यात गावठी कोंबड्या. दर मंगळवारी डोक्यावर टोपली घेऊन चालत हेंद्रेपाड्यात यायचीस. आमच्याकडे मागच्या दारानं. पुढच्या खोलीत सासूबाई जपमाळ घेऊन बसलेल्या असायच्या आणि त्यांच्या हिशेबी आमच्या घरात अंडं नावाची वस्तू येतच नव्हती. आमच्या ह्यांना मोठ्या आजारपणानंतर डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली होती. अंबरनाथच्या कारखान्यात हे ऑफिसर, हाताखाली केवढी माणसं, आणि घरी मागच्या ओट्यावर स्टोव्हजवळ उकिडवे बसून, वेगळ्या भांड्यात उकडलेलं अंडं मीठ लावून खायचे. तू ते पाहून म्हणाली होतीस, "सायब चोरी करतात का काय?" मी तुला गप्प केलं. हे मात्र मनापासून हसले होते.

तर त्या वर्षी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी विषय घेतला, पक्षी कुठून आले. तीन वस्तू मांडायच्या: पहिला, दोन पायांवर धावणारा, कोंबडीएवढा छोटा डायनोसॉर, तू ज्याला सरडाच म्हणायचीस तो. दुसरा, आर्किओप्टेरिक्स, म्हणजे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, कावळ्याएवढा, पिसांचा पण तोंडात दात असलेला, पंखांना नखं आणि सरड्यासारखी हाडांची लांब शेपटी असलेला. जर्मनीतल्या चुनखडीच्या दगडात त्याचा ठसा सापडला, पिसांसकट. आणि तिसरी, आजची कोंबडी. मी दुसऱ्यासाठी तुझ्याकडे पिसं मागितली.

"कोनासाठी?" तू विचारलंस.

मी त्या पक्ष्याचं सगळं वर्णन केलं, वर्गात करते तसं, हातवारे करून. तू टोपली खाली ठेवून ऐकलंस आणि म्हणालीस, "बरं. मग त्यात नवल काय हाय?"

मला राग आला. अख्ख्या जगानं तोंडात बोट घातलं त्या पक्ष्यावर आणि ही विचारते नवल काय! पुढच्या मंगळवारी तू केळीच्या पानात गुंडाळून कोंबडीचा एक पंख घेऊन आलीस. मी तो सांडशीत धरला.

"बाई, विंचू हाय का तो?"

तू माझ्या हातातून पंख घेतलास, पसरलास, आणि वरच्या कडेला अंगठ्यासारखं जे बारीक हाड असतं त्याच्या टोकावरचं पीस बाजूला केलंस. तिथे नख होतं. तांदळाच्या कणीएवढं, पण नखच. "आता बोला. आनि पायावर खवलं नायत का कोंबरीच्या? सापाला असतात तशी? दाताचं म्हनाल तर पिलू अंडं कशानं फोडतं? चोचीवर दात असतो त्याच्या. दोन दिवसांत गलून जातो."

"तो खरा दात नव्हे, हिरा," मी म्हटलं. हे मात्र माझं बरोबर होतं.

"खोटा तर खोटा. अंडं तर खरंच फुटतं ना?"

यावर मी बहुधा घड्याळ बघितलं असणार. बोलणं हरायला आलं की मी घड्याळ बघायचे.

मग चार रविवार आपण शाळेच्या प्रयोगशाळेत बसलो. तू, मी, नलू आणि वर्गातली पाच-सहा मुलं. तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, चिकटवायला मैद्याची खळ. दातांना तांदळाचे दाणे, नखांना बाभळीचे काटे, डोळ्यांना उल्हासनगरहून आणलेली काळी बटणं. पिसं लावायला मी डोक्यापासून सुरुवात केली, कारण माणूस लिहायला वरूनच सुरुवात करतो. तासाभरानं माझा आर्किओप्टेरिक्स वादळात सापडलेल्या छत्रीसारखा दिसायला लागला. तू कडेला बसून सुपातली पिसं निवडत होतीस. शेवटी तुला राहवलं नाही.

"बाई, घराची कौलं कशी लावतात? खालनं वर. शेपटीपासनं घ्या. नायतर पावसाचं पानी सगलं आत जाईल."

"हा कागदाचा आहे, हिरा. त्याच्यावर पाऊस पडणार नाहीये."

"त्याला ठावं नाय ना ते."

आम्ही सगळी पिसं काढून शेपटीपासून पुन्हा लावली. मुलांना केवढा आनंद झाला. मला आठवतंय, नलूनं त्या पक्ष्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जिवंत वाटतोय, बाई." नववीतली पोर, दोन वेण्या, तुझ्यासारखंच थेट डोळ्यांत बघायची. प्रदर्शनात माहिती सांगायचं काम मी तिला दिलं होतं. ती आठवडाभर कोंबड्यांना पाठांतर म्हणून दाखवत होती असं तूच सांगितलंस.

प्रदर्शनाच्या दिवशी आपण टेम्पोतून गेलो. तुझी एक तांबडी कोंबडी पाटीत होती, तिसऱ्या क्रमांकाची वस्तू म्हणून. टेबल मांडून मी नाव नोंदवायला गेले. तिथे रांग होती. परत आले तर आपल्या टेबलापुढे ही गर्दी, आणि सगळे हसताहेत. माझ्या डायनोसॉरला पिसं! पक्ष्यासारखी मोठी नव्हेत, कोंबडीच्या पोटाखालची मऊ, पांढरट. मानेपासून शेपटीपर्यंत तू त्याला छान गुंडाळून टाकलं होतंस. आणि हातातली खळ पदराला पुसत उभी होतीस, खूश होऊन.

"हे काय केलंस?"

"उरली होती पिसं. नागडा दिसत होता बिचारा."

"अगं, डायनोसॉरला पिसं नसतात! पिसं या दुसऱ्यापासून सुरू होतात. उडायला लागल्यावर."

"उडायला कशाला?" तू म्हणालीस. "पिलाला उडता येतं का? तरी पैल्या दिवसापासनं लव असते. ऊब नको त्याला? आधी ऊब, मग उडनं. एवढासा जीव, रात्रीचा गारठून मरंल."

हिरा, तू काय बोललीस ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला त्यातलं काही समजलं नाही, पुस्तकात नव्हतं, त्या काळी तसा पुरावाच नव्हता, ही सगळी कारणं मी नंतर शिवली. त्या क्षणी माझ्या पोटात लख्ख उजेड पडला होता की ही बाई म्हणते त्यात दम आहे. आणि म्हणूनच मी इतकी भडकले. ज्यात दम नसतो त्याला आपण हसून सोडून देतो.

मी पिसं उपटायला लागले. खळ अर्धी सुकली होती, पिसांबरोबर कागदही निघत होता. नलू म्हणाली, "बाई, राहू द्या ना." मी म्हणाले, आणि माझा आवाज हॉलभर जाणारा होता, तीस मुलांच्या वर्गात घडवलेला: "हिरा, कोंबड्या सांभाळणं वेगळं आणि शास्त्र वेगळं. अडाणी माणसानं यात हात घालू नये."

तू खाली वाकून जमिनीवरची पिसं गोळा केलीस, पदरात बांधलीस, आणि पाटीतली कोंबडी घेऊन बाहेर टेम्पोत जाऊन बसलीस. नलूनं माहिती सांगितली, घडाघड, एकही चूक न करता, माझ्याकडे न बघता. परीक्षकांनी त्या जागोजागी सोललेल्या डायनोसॉरकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, या प्राण्याला खरूज झालीय का?"

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. मिळालं असतं तर मी आणखी वाईट झाले असते.

मला वाटलं आता तू येणार नाहीस. पण मंगळवारी तू मागच्या दारात. काही झालंच नाही असा चेहरा. अंडी दिलीस, आणि टोपलीतल्या फडक्याखालून काहीतरी काढून म्हणालीस, "हात पुढं करा." मी केला. त्यात तू कालच अंड्यातून बाहेर आलेलं पिलू ठेवलंस. कोंबडीला, म्हणजे कोंबडीच्या जातीच्या जिवाला, माझा पहिला हात लागला तो तेव्हा. एवढंसं ऊन अंग. त्या लवेखाली काळीज इतकं भराभर चाललं होतं की मला ठोके मोजता येईनात.

"हिला उडायचंय?" तू विचारलंस. "मग कशाला आलीत पिसं?"

आणि मी, बी.एस्सी. बी.एड., काय म्हणाले? "ते वेगळं."

फक्त दोन शब्द. किती वेळा मी ते माघारी घेतलेत मनातल्या मनात! तू पिलू परत घेतलंस, फडक्याखाली ठेवलंस आणि म्हणालीस, "बरं. वेगलं तर वेगलं." नंतर तू तो विषय काढला नाहीस. नलूनं मात्र माझ्याशी बोलणं सोडलं. ती दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, लग्न होऊन वांगणीला गेली. माहेरी आली की रस्त्यात दिसायची आणि मान वळवायची. मीही वळवायचे. दोघींच्या माना चांगल्या तयार झाल्या.

आपली मात्र गट्टी जमली, ती का हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक आपल्याला दोघींना भांडायला आवडायचं आणि घरी कोणी टक्कर देणारं नव्हतं. सासूबाई गेल्या, जुनं घर पाडून तिथे बिल्डिंग झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. तू पहिल्यांदा आलीस आणि दारात उभी राहून म्हणालीस, "आता मागचं दार कुठं हाय?" नव्हतंच. तू पुढच्या दारानं आत आलीस, सोफ्यावर बसलीस, एकदा वरखाली उसळी मारून बघितलीस. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात फेरीवाल्यांना बंदीचा बोर्ड लावला, तेव्हा तू त्यांनाच वर बोलावून त्यांच्या हातात एक अंडं ठेवलंस आणि विचारलंस, "मी फेरीवाली का? मी बाईंची मैतरीन. अंडी माझ्यासंगं आलीत." बोर्ड राहिला, तूही येत राहिलीस.

ते पहिलं पाखरू झाडावरून खाली झेपावलं की जमिनीवरून पळत पळत वर उडालं, यावर आपण किती मंगळवार घालवले! मोठेमोठे शास्त्रज्ञ यावर भांडतात, हिरा, खोटं नाही सांगत. मी झाडावाली. तू जमिनीवाली. तू म्हणायचीस, पेंढ्याच्या ढिगावर चढताना पिलं पंख मारतात, ते उडायला नाही, पाय घसरू नये म्हणून. मी म्हणायचे, हा पुरावा नव्हे. आणि मी आजही म्हणते, हा पुरावा नव्हे. तू गेलीस म्हणून सगळ्याच बाबतीत तू बरोबर ठरत नाहीस. हे भांडण तू अर्धवट टाकून गेलीस, त्याचा दोष तुझा.

मग मी निवृत्त झाले. आणि त्यानंतर एका सकाळी पेपरात आतल्या पानावर चीनची बातमी आली. दगडात एक छोटा डायनोसॉर सापडला होता. कोंबडीएवढा, दोन पायांवर धावणारा, लांब शेपटीचा. उडणारा मुळीच नव्हे. आणि त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत लवेसारखी झालर. त्याच भागात चोचीचे, बिनदातांचे, पण पंखांना नखं असलेले जुने पक्षीही निघत होते. मी बातमी वाचली, चहा गार होऊ दिला, पुन्हा वाचली. शास्त्रज्ञ म्हणत होते, कदाचित पिसं आधी उबेसाठी आली असावीत. कदाचित! हिरा, त्यांनी तुझं वाक्य घेऊन त्याला पुढे "कदाचित" लावलं होतं आणि पेपरात नाव आलं त्यांचं.

मंगळवारी मी कात्रण घेऊन दारातच उभी होते. तू टोपली उतरवायच्या आधी मी सगळं वाचून दाखवलं. तू चित्र हातात घेतलंस, लांब धरून बघितलंस. मग म्हणालीस, "याची पिसं कोनी उपटली नायत वाटतं."

मी रडले. खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "हिरा, चुकले मी. माफ कर."

तू मला रडू दिलंस. पाणी आणून दिलंस, माझ्याच माठातलं. आणि म्हणालीस, "मला काय सांगता? मला ठावं होतं. जिथं बोललात तिथं बोला. पोरांसमोर."

मी शब्द दिला.

आणि मग मी काय केलं ते सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना या बाईची किंमत कळेल. पहिल्या महिन्यात परीक्षा होत्या. मग सुट्टी. मग शाळा नुकतीच उघडलेली. मग माझा घसा. मग गॅदरिंग. एकदा मी खरंच गेले, कात्रण पर्समध्ये. स्टाफरूममध्ये सगळे उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा आणला, कांदाभजी आणली, "बाई, तुमच्यासारखं शिकवणारं आता कोणी नाही" असं म्हणाले. एवढं ऐकल्यावर कोणता माणूस उठून वर्गात जाऊन मी मूर्ख होते असं सांगेल?

तू मंगळवारी विचारलंस, "बोललात का?"

"चहा प्यायले."

"बरा होता?"

तीन वर्षं, हिरा. तीन वर्षं तू अंडी ठेवताना तेच विचारत राहिलीस, रागानं नाही, पाऊस येईल का विचारावं तसं. माझं उत्तर ठरलेलं, "सोमवारी नक्की." शेवटचं आलीस तेव्हा टोपली नव्हती. तुझा चेहरा उतरलेला, पायांना सूज. वांगणीला नलूकडे राहायला चालले म्हणालीस. जिन्यात वळून विचारलंस, "बोललात का?"

"सोमवारी नक्की."

"सोमवार लय झाले, बाई," तू म्हणालीस आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरलीस. मी वरून बघत राहिले. खाली यायला हवं होतं. नाही आले.

तू गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं. दहाव्याच्या दिवशी मी वांगणीला गेले. तिची-माझी तीन-चार वर्षांत गाठ पडली नव्हती; नलूच्या दारात पाय ठेवताना मनाची तयारी केली होती की ती मान वळवेल, आणि वळवायलाच हवी. ती उठून आली, माझा हात धरून मला बायकांमध्ये आपल्याशेजारी बसवलं आणि पदरानं माझे डोळे पुसले. मला काहीच कळेना. जाताना मी तिला एवढंच म्हटलं, "गुरुवारी शाळेत येशील? दुसऱ्या तासाला. काम आहे." तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.

गुरुवारी नववीचा वर्ग. ज्या फळ्यासमोर आयुष्य काढलं त्याच्यासमोर मी पाहुणी म्हणून उभी. नलू मागच्या भिंतीला टेकून उभी. मी सुरुवात केली ती चुनखडीच्या दगडापासून, म्हणजे पळ काढायचा हा माझा जुना रस्ता. फळ्यावर आर्किओप्टेरिक्स काढला, तो पुन्हा छत्रीसारखाच आला. मुलं हसली. मग मी खडू ठेवला आणि म्हटलं:

"याच शाळेतल्या एका मुलीच्या आईनं मला सांगितलं होतं की पिसं आधी उबेसाठी आली, उडणं मागाहून. मी ते ऐकून घेतलं नाही. सगळ्यांसमोर ती पिसं उपटली आणि त्यांना अडाणी म्हटलं. अडाणी मी होते. त्यांचं नाव हिरा. त्यांना शब्द देऊनही हे सांगायला मला तीन वर्षं लागली, आणि ते ऐकायला त्या राहिल्या नाहीत. झालं."

मी हाताचा खडू झटकला. आत्ताच्या विज्ञानाच्या बाई हळूच म्हणाल्या, "बाई, पण पुस्तकात अजून ते नाही. मुलं परीक्षेत लिहून बसतील."

"लिहू देत," मी म्हटलं. "तुम्ही मार्क कापा. मीही त्या दिवशी दुसरं काय केलं होतं?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, म्हणजे कोंबडी ही डायनोसॉरच?"

"त्याच कुळातली, असं आता म्हणताहेत."

"मग आम्ही रविवारी डायनोसॉर खातो?"

वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातून मास्तर बघायला आले. मला वाटलं, तू असतीस तर सगळ्यात मोठ्यानं हसली असतीस, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली असतीस, तुमी नाय खात ना, तुमची सुटका.

हिरा, ऐक. त्या चीनच्या दगडांना मोठमोठी नावं मिळतील. पुस्तकं बदलतील, आमच्या पुस्तकातही कधीतरी दोन ओळी येतील, आणि त्यात तू नसशील. नसूदे. मी आहे तोवर ज्या कोणाला हे पहिलं पाखरू शिकवेन, त्याला आधी तुझं नाव सांगेन आणि मग जर्मनीचं. ज्याला चालणार नाही त्यानं माझ्याकडे शिकू नये. मला आता घड्याळ बघायची गरज नाही.

तास संपल्यावर नलू माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. तिचे डोळे लाल होते, पण ओठांच्या कडा हलत होत्या, तुझ्या हलायच्या तशा. मी म्हटलं, "नलू, तीन वर्षं आधी बोलायला हवं होतं. तुझ्या आईला शब्द देऊन मी पाळला नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली:

"असं काय म्हणता, बाई? आई तर तेव्हाच घरी येऊन सांगत होती, बाई सगळ्या शाळेसमोर बोलल्या म्हणून. पाव्हण्यारावळ्यांना पण सांगायची, अगदी तुमचा आवाज काढून. आणि खरं सांगू, ती सांगायची ते भाषण आजच्यापेक्षा लय भारी होतं."